वाद आपला, संघ परका

मे महिन्याच्या अखेरीस खानदेशात दिवस माणसांचा नसतो, उन्हाचा असतो. पारा ४४ अंशांच्या आसपास रेंगाळतो, रस्ते ओस पडतात, आणि जळगाव काय किंवा धुळे काय, शहराला खरी जाग येते ती दिवेलागणीनंतर. परीक्षा आटोपलेल्या असतात, निकाल लागावयाचे असतात. अशा वेळी चहाच्या टपऱ्यांवर जमलेल्या तरुणांच्या घोळक्याकडे कान दिला, तर विषय निवडणुकीचा किंवा क्रिकेटचा असेल असा कोणाचाही समज व्हावा. परंतु पुष्कळदा तो तसा नसतो. मँचेस्टर युनायटेडने बचावफळीत तीन खेळाडू ठेवावेत की चार, आर्सेनलने चेंडू पायाशी घोळवत ठेवावा की तो तडक पुढे धाडावा, लिव्हरपूलने पुढील हंगामासाठी कोणाला विकत घ्यावे, अशा प्रश्नांवर आवाज चढलेले असतात. इंग्लंडमधील लीगचा हंगाम नुकताच संपलेला असतो आणि सात हजार किलोमीटर अंतरावर, केळीच्या व कापसाच्या मुलखात, त्याचा ताळेबंद मांडला जात असतो.

वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. ज्या गावाचे नाव नीट उच्चारता येत नाही त्या गावच्या संघासाठी रात्री दीड वाजेपर्यंत जागावयाचे, आणि तो हरला म्हणून दुसऱ्या दिवशी जेवण गोड लागत नाही, हा काय प्रकार आहे, असे ते विचारतात. युरोपातील चॅम्पियन्स लीगचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे खरोखरच रात्री दीड वाजता सुरू होतात, तेव्हा त्यांच्या तक्रारीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तथापि टपरीवरचा हा वाद थोडा वेळ थांबून ऐकला, तर त्यातून निराळेच काही हाती लागते.

युनायटेडचेच उदाहरण घ्यावे. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी २०१३ मध्ये निवृत्ती घेतली, त्या वर्षी हा संघ अजिंक्य ठरला होता. त्यानंतर एकामागून एक प्रशिक्षक आले आणि गेले. २०२४ च्या नोव्हेंबरात पोर्तुगालचे रुबेन आमोरिम यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी आपल्याबरोबर आपली मांडणीही आणली: मागे तीन मध्यवर्ती बचावपटू आणि त्यांच्या दोन्ही अंगांना सबंध मैदानभर धावणारे दोन गडी. हाताशी असलेले खेळाडू या मांडणीत वाढलेले नव्हते. २०२४-२५ चा हंगाम संपला तेव्हा वीस संघांत युनायटेडचा क्रमांक पंधरावा होता. पदरी ४२ गुण. युरोपा लीगच्या अंतिम सामन्यातही टॉटनहॅमने त्यांना एका गोलाने हरविले. पद्धत माणसांना जुळवून घ्यावी की माणसे पद्धतीला, हा यातला खरा वाद आहे. नव्या साहेबाने आल्या आल्या कचेरीतील टेबलांची फिरवाफिरव केली की काय होते, हे ज्याने पाहिले आहे अशा कोणत्याही कारकुनाला तो समजावून सांगण्याची गरज नाही.

आर्सेनलच्या चाहत्यांचे दुःख वेगळ्या जातीचे आहे. आर्सेन वेंगर या फ्रेंच प्रशिक्षकाच्या काळात, म्हणजे १९९६ ते २०१८ या बावीस वर्षांत, या संघाची ख्याती देखण्या खेळाबद्दल होती. २००३-०४ च्या हंगामात तर लीगमधील एकही सामना न हरता त्याने अजिंक्यपद मिळविले. पुढे मिकेल आर्टेटा यांच्या कारकिर्दीत संघ पुन्हा वर आला खरा, पण २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी ओळीने तीन वर्षे तो दुसराच राहिला. त्यांपैकी मधल्या वर्षी केवळ दोन गुणांनी. आता त्याचे पुष्कळसे गोल कॉर्नरवरून होतात. चेंडू गोलासमोर उंच टाकावयाचा, गोलरक्षकाभोवती गर्दी करावयाची आणि कोणाच्या तरी डोक्याला लागून तो जाळ्यात जावा अशी तजवीज करावयाची. या कामासाठी वेगळा शिक्षक ठेवलेला आहे. जुन्या चाहत्यांना हा हलका मार्ग वाटतो. गोल तो गोल, तो कसा झाला हे दहा वर्षांनी कोण विचारतो, असे नव्यांचे म्हणणे असते. यावर जुने म्हणतात की दहा वर्षांनी लोक फक्त तेवढेच विचारतात.

हा वाद फुटबॉलइतकाच जुना आहे. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो येथे इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. त्या काळची इंग्रजी पद्धत अशी की ज्याच्या पायाशी चेंडू त्याने तो एकट्याने पुढे दामटीत न्यावा. इंग्रज खेळाडू अंगाने अधिक वजनदारही होते. त्यांच्याशी छातीला छाती लावण्यात अर्थ नाही हे ओळखून स्कॉटिश खेळाडूंनी चेंडू एकमेकांकडे देत खेळ केला. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. पण दुबळ्याने बलवानाशी कसे खेळावे याचे एक उत्तर त्या दिवशी सापडले. आज ज्याला पासिंगचा खेळ म्हणतात त्याचा जन्म असा अडचणीतून झालेला आहे, सौंदर्यदृष्टी त्याला मागाहून चिकटली.

खानदेशी माणसाला ही चर्चा परकी वाटण्याचे कारण नाही, कारण तो हीच चर्चा पिढ्यान्‌पिढ्या कुस्तीच्या आखाड्याभोवती करीत आला आहे. यात्रेच्या दंगलीत एखादा मल्ल नुसता अंग चोरून वेळ काढू लागला की प्रेक्षकांतून हुर्यो उठते. कुस्ती निकाली व्हावी, डावावर व्हावी, समोरच्याला दमवून मिळविलेला विजय कमी प्रतीचा, हा न्याय तेथे बसलेला शेतकरीही जाणतो. चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४ पासून सलग तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा मिळविली, तेव्हा गावोगावच्या पारांवर जे बोलले गेले त्यात अभिमान होता, तसाच त्यांच्या डावांचा काथ्याकूटही होता. फरक एवढाच की तो मल्ल आपल्या शिवारातला होता. त्याच्या वस्तादाला, त्याच्या खुराकाला, त्याच्या तालमीला माणसे ओळखत होती. मँचेस्टरच्या प्रशिक्षकाला जळगावचे मत कधीही कळणार नाही.

आपल्या महाराष्ट्रात फुटबॉलच्या बाबतीत असे नाते जर कोठे असेल तर ते कोल्हापुरात आहे. तेथे संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. जी तालीम कुस्तीची, जी गणेशोत्सवाची, तीच फुटबॉलची. माणूस अमुक पेठेत जन्माला आला की त्याचा संघ ठरून जातो, त्यात निवडीचा प्रश्न येत नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धा शाहू स्टेडियमवर सुरू झाल्या की पेठांतील वातावरण बदलते. सामना पाहून परतणारा म्हातारा आघाडीच्या खेळाडूला रस्त्यात अडवून, तू डाव्या पायाने मारायला हवे होतेस, असे सुनावू शकतो आणि तो खेळाडू मान खाली घालून ऐकून घेतो. कारण उद्या सकाळी त्याच गल्लीतून त्याला जावयाचे असते. सतरा वर्षांखालील मुलांच्या २०१७ च्या विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

अर्थात कोल्हापूरचे सारेच अनुकरणीय आहे असे नव्हे. पेठांच्या ईर्ष्येपायी प्रेक्षकांत हाणामाऱ्या झाल्या आहेत, पोलिसांना मध्ये पडावे लागले आहे. बक्षिसांच्या रकमा वाढल्या तसे बाहेरगावचे, इतकेच काय नायजेरियासारख्या दूरदेशीचे खेळाडूही तालमींनी आणावयास सुरुवात केली. त्यामुळे खेळाचा वेग आणि ताकद वाढली, हे कोणी नाकारीत नाही. परंतु पेठेतल्या पोराची जागा गेली, असेही म्हणणारे आहेत. आपला संघ म्हणजे आपल्या नावाचा संघ की आपल्या मुलांचा संघ, हा प्रश्न तेथे दर हंगामाच्या तोंडाशी नव्याने उभा राहतो. वाद कडवट असतो, पण वाद घालणाऱ्यांच्या हातात काहीतरी असते. ते मंडळाच्या बैठकीला जाऊ शकतात, वर्गणी अडवू शकतात, मुलाला मैदानावर धाडू शकतात.

याच्या उलट चित्र मुंबईत दिसते. महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता होता. अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये, तो बंद झाला. कंपनीचा संघ होता, कंपनीने मिटविला. पुढे २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि तिच्याबरोबर मुंबई सिटी हा क्लब आला. सर्जिओ लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २०२०-२१ मध्ये त्याने साखळीतील पहिल्या क्रमांकाची ढाल आणि अंतिम चषक दोन्ही जिंकले. गोलरक्षकापासून चेंडू जमिनीवरून खेळवीत आणण्याची त्याची पद्धत भारतीय प्रेक्षकांना नवी होती आणि तिच्यावर मनसोक्त चर्चाही झाली. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला, आणि २०२४ च्या मे महिन्यात कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून त्याने पुन्हा चषक मिळविला. इतके असूनही २०२५ च्या जुलैत, महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातील करार संपत आल्यामुळे लीगच स्थगित झाली. एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारा हंगाम ते वर्ष सरले तरी सुरू होऊ शकला नव्हता. पुढील हंगामात संघाने कसे खेळावे हा प्रश्न बाजूला पडला. पुढील हंगाम आहे काय, एवढेच चाहते विचारीत राहिले.

मग खानदेशाने काय करावे? येथे थोडे इतिहासात डोकावणे अगत्याचे आहे. ज्या मँचेस्टर युनायटेडसाठी जळगावचा विद्यार्थी जागतो, त्याचा आरंभ १८७८ साली न्यूटन हीथ येथील रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातील कामगारांनी केला. चोवीस वर्षे तो ‘न्यूटन हीथ’ याच नावाने ओळखला जात होता. कर्जात बुडून मोडीत निघण्याची वेळ आली तेव्हा, १९०२ मध्ये, एका मद्यउत्पादकाने त्याला हात दिला आणि नाव बदलले. आणि ज्या आर्सेनलसाठी धुळ्याचा विद्यार्थी हळहळतो, तो १८८६ साली लंडनजवळच्या वुलिच येथील सरकारी शस्त्रास्त्र कारखान्याच्या कामगारांनी काढला. ‘आर्सेनल’ या शब्दाचा अर्थच मुळी शस्त्रागार. म्हणजे एक संघ रेल्वे कारखान्याचा आणि दुसरा ऑर्डनन्स फॅक्टरीचा. आता नकाशावर भुसावळ पाहावे. मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय, इंजिनांची शेड, रेल्वे वसाहतींची मैदाने. आणि शेजारीच भुसावळची १९४९ पासूनची व वरणगावची १९६४ पासूनची आयुध निर्माणी. जे दोन व्यवसाय इंग्लंडमधील दोन बलाढ्य क्लबांचे जन्मदाते ठरले, ते दोन्ही जळगावपासून पाऊण-एक तासाच्या अंतरावर नांदत आहेत.

मैदाने होती, शिफ्ट सुटल्यावर खेळणारी माणसे होती. परंतु ज्याच्या नावाने सबंध शहर दोन तट पाडून भांडेल असा क्लब त्यातून उभा राहिला नाही. याचे एक कारण नोकरीच्या स्वरूपात आहे. केंद्र सरकारच्या सेवेतील माणूस बदलीवर येतो आणि बदलीवर जातो. विभागाचा संघ विभागाच्या स्पर्धेत खेळतो, त्याचे चषक विभागाच्या कपाटात जातात. वसाहतीच्या कुंपणाबाहेरील भुसावळकराला त्या संघाबद्दल बरे-वाईट वाटण्याचा प्रसंगच येत नाही. न्यूटन हीथच्या कामगारांचा संघ विभागाच्या कुंपणातून बाहेर पडला, इतर गावांशी नियमाने खेळू लागला आणि कालांतराने कारखान्याचा न राहता गावाचा झाला. ही पायरी भुसावळला चढली गेली नाही.

दुसरे कारण पायाखाली आहे. तापीच्या खोऱ्यातील काळी माती कापसाला आणि केळीला मानवते, फुटबॉलला नाही. शालेय स्पर्धांचा काळ पावसाळ्याचा; त्या वेळी ही माती बुटांना चिकटून पाय जड करते. पाऊस सरला की ती कडक होते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून मैदानावर मुरूम टाकला जातो, आणि मुरमावर पडलेला मुलगा गुडघा सोलूनच उठतो. अशा जमिनीवर सरपटत दिलेला पास कोठे उसळेल याचा भरवसा नसल्यामुळे, जिल्ह्यातील शाळांचे संघ चेंडू उंच मारून त्याच्यामागे धावतात. क्रीडाशिक्षकांना चांगला खेळ कळत नाही असा याचा अर्थ नव्हे. मातीने ठरविलेली ही पद्धत आहे. आर्सेनलच्या पासिंगचे कौतुक करणाऱ्या मुलाला स्वतःच्या मैदानावर तसे तीन पास सलग देता येत नाहीत, ही त्याची चूक नाही.

तिसरे कारण मात्र मातीवर ढकलता येणार नाही. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. समजा सोळा शाळांचे संघ आले. पहिल्याच फेरीत आठ संघ घरी जातात. आठ शाळांतील मुले वर्षभरात जिल्ह्याच्या मैदानावर एकच सामना खेळतात. त्यांचा हंगाम सकाळी दहाला सुरू होतो आणि साडेअकराच्या आत संपतो. जिंकणारा एकटा संघ पुढे विभागीय फेरीला जातो. उलट सहाच संघांची साखळी स्पर्धा ठेवली, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या आणि एकदा त्याच्या मैदानावर खेळावयाचे असे ठरविले, तर सामने तीस होतात आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला दहा येतात. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, धुळे, शिरपूर. यांतील कोणत्याही गावचा संघ सकाळच्या एसटीने निघून सामना खेळून रात्रीपर्यंत घरी पोहोचू शकतो. पहिला सामना हरलेल्या संघाला दुसऱ्या सामन्यापूर्वी काय चुकले याचा विचार करावा लागतो. खेळण्याची पद्धत नावाची वस्तू येथे जन्मते, कारण पद्धत म्हणजे मागील रविवारच्या चुकीला पुढील रविवारी दिलेले उत्तर. जेथे मागचा रविवारही नाही आणि पुढचाही नाही तेथे ती कशी जन्मावी?

१५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने, राज्य शासनाने ‘मिशन वन मिलियन’ हा उपक्रम केला. दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळावा अशी कल्पना होती. शाळाशाळांना चेंडू वाटण्यात आले. उत्साह होता, छायाचित्रे आली. तो हेतू चांगलाच होता आणि ज्या मुलाच्या पायाला प्रथमच चेंडू लागला त्याला तो दिवस आठवतही असेल. पण चेंडू एका दिवसात वाटता येतो, सामन्यांचे वेळापत्रक वाटता येत नाही. त्यासाठी पंच लागतात, मैदानावर फक्की मारणारा माणूस लागतो, सामना ठरल्या वेळी सुरू करणारा चिटणीस लागतो. कोल्हापूरच्या तालमींत ही कामे करणारे लोक बहुधा खेळाडू नसतात. कोणी शिक्षक असतो, कोणी बँकेत असतो, कोणाचे किराणा दुकान असते.

अशी माणसे खानदेशात नाहीत असे कोण म्हणेल? नाटकाच्या स्पर्धा भरविणारी, व्याख्यानमाला वर्षानुवर्षे चालविणारी, गणेशोत्सवाच्या मिरवणुकीचा हिशेब पैशापैशाने लिहून ठेवणारी मंडळी दोन्ही शहरांत आहेत. आणि फुटबॉलवर बारकाईने बोलणारे तरुण तर, आरंभी पाहिले त्याप्रमाणे, टपरीटपरीवर आहेत. या तरुणांची चेष्टा करण्यात काही हशील नाही. एखादा खेळाडू सामन्यात किती धावला, किती पास चुकले, कोणाच्या चुकीने गोल झाला याचे दाखले देत ते बोलतात. प्रतिपक्षाचे म्हणणे खोडावयाचे तर त्यालाही दाखले आणावे लागतात. वर्गात इतक्या पुराव्यानिशी वाद होत असता तर अध्यापकांना धन्यता वाटली असती. त्यांच्या ज्ञानात उणीव एवढीच आहे की ते सारे दुरून पाहिलेले आहे. चूक झाल्यावर ड्रेसिंग रूममध्ये पसरणारी शांतता त्यांनी ऐकलेली नाही. आपण सुचविलेला बदल आपल्याच संघाने करून पाहिला आणि तो साफ फसला, ही लाज त्यांच्या वाट्याला कधी आलेली नाही.

ऑगस्टच्या मध्यावर इंग्लंडमधील नवा हंगाम सुरू होतो. शनिवारचे पुष्कळ सामने आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला लागतात. हेच दिवस जिल्ह्यातील शालेय फुटबॉल स्पर्धांचे असतात. सकाळी पावसात पहिल्या फेरीचा सामना हरलेला तालुक्याच्या शाळेचा मुलगा दुपारच्या एसटीने घरी पोहोचतो, चिखलाने जड झालेले बूट अंगणात उपडे करून ठेवतो, पाय धुतो, आणि मोबाईल घेऊन ओसरीवर बसतो. मँचेस्टरचे खेळाडू मैदानात उतरत असतात. या वर्षी संघाचे कसे होणार याविषयी त्याचे मत पक्के असते, आणि शेजारचा मित्र ते खोडून काढण्यासाठी कुंपणावरून उडी मारून आलेला असतो.